इजिप्त नको, पॅरिस चालेल: आमच्या सुट्टीतला धोक्याचा हिशेब

पॅरिसला घरात कुणाचीच हरकत नव्हती. इजिप्तचं नाव काढलं की मात्र "तिकडे सुरक्षित आहे का गं?" हा प्रश्न ठरलेला. आईने विचारला, वहिनींनी विचारला, आणि दादाने तर "हल्ले होतात तिकडे" असा निकालच देऊन टाकला. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली, हे दादाला माहीत नव्हतं असं नाही. पण पॅरिसमध्ये घडला तो अघटित प्रसंग आणि इजिप्तमध्ये घडतो तो त्या देशाचा स्वभाव, अशी वाटणी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात होती. माझ्याही होती. फरक इतकाच की देवळं नि थडगी बघायची हौस मला होती, म्हणून ती वाटणी खरी आहे का हे तपासायला मी बसले.

पर्यटकांवर झालेले हल्ले आठवतील तसे लिहून काढले. लक्सर १९९७, बाली २००२, मुंबई २००८, ट्युनिशियातलं सूस २०१५, नीस २०१६, श्रीलंकेतला ईस्टर २०१९, पहलगाम २०२५. यादी बघून पहिली गोष्ट कळली ती ही, की यांतली निम्मी नावं लोक आजही हौसेने सुट्टीसाठी निवडतात. बालीत एका रात्रीत २०२ माणसं गेली होती, आणि आज बाली म्हटलं की कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. ताजी बातमी भीती घालते आणि जुनी विरून जाते. पण या विरण्याच्या वेगाचा प्रत्यक्ष धोक्याशी काय संबंध, ते मला कळेना.

मग आकडेमोड. १९९७ साली लक्सरमधल्या हॅटशेपसुट राणीच्या देवळात ५८ परदेशी पर्यटक मारले गेले. त्या वर्षी इजिप्तला सुमारे ४० लाख पर्यटक गेले होते, म्हणजे साधारण सत्तर हजारांमागे एक. २०१५ साली इजिप्तमधल्याच शर्म अल शेखहून निघालेलं रशियन विमान बॉम्बने पाडलं गेलं, त्यात सगळे २२४ जण गेले. त्या वर्षीचे पर्यटक सुमारे ९३ लाख. इथे प्रमाण आणखी वाईट येतं. "दहशतवादापेक्षा रस्ता जास्त धोक्याचा" हे वाक्य सगळेच तोंडावर फेकतात, म्हणून तेही ताडून बघितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार रस्त्यावर वर्षाला जगभर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, म्हणजे लाखामागे पंधराएक. एका आठवड्यापुरतं बोलायचं तर साडेतीन लाखांमागे एक. म्हणजे त्या दोन वर्षांत आठवडाभरासाठी इजिप्तला गेलेल्या माणसाला हल्ल्याचा धोका खरोखरच रस्त्यापेक्षा जास्त होता! मला हे अपेक्षित नव्हतं. रस्ता दरवर्षी जवळजवळ ठरल्यासारखे बळी घेतो. हल्ल्यांचा आकडा मात्र वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास राहतो आणि मग एकदम उसळतो. अशा गोष्टीची सरासरी काढून स्वतःला धीर देणं म्हणजे डोक्यावर बर्फ नि पायाखाली निखारे ठेवून एकूण तापमान बरं आहे म्हणण्यासारखं.

त्यामुळे प्रश्न बदलला. इजिप्त धोक्याचं आहे का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आपण जातोय ते वर्ष तसल्या वर्षांपैकी आहे का, हे विचारायला हवं होतं. त्यासाठी मागच्या घटना मागेपुढे जोडून वाचल्या. लक्सर अचानक घडलेलं नव्हतं. इजिप्तमधल्या कट्टर गटांनी १९९२ पासून पर्यटकांना लक्ष्य करायला सुरुवात केली होती, १९९६ मध्ये कैरोत एका हॉटेलबाहेर ग्रीक पर्यटकांवर गोळीबार झाला होता, आणि लक्सरच्या दोनच महिने आधी कैरोच्या वस्तुसंग्रहालयासमोर जर्मन पर्यटकांची बस पेटवली गेली होती. ट्युनिशियातही तेच. मार्च २०१५ मध्ये बार्डो संग्रहालय, जूनमध्ये सूसचा किनारा, तिथे ३८ बळी. कुणीतरी ठरवून पर्यटकांच्या मागे लागलं असेल तर एका हल्ल्यावर थांबत नाही, ही मालिका असते. म्हणून माझी कसोटी ठरली: गेल्या वर्ष-दोन वर्षांत, आपण ज्या ठिकाणी जाणार तिथे, पर्यटकांना हेरून हल्ले झालेत का?

ही कसोटी फसते, हेही लगेच दिसलं. श्रीलंकेत २००९ ला युद्ध संपल्यावर दहा वर्षं शांततेत गेली होती. एप्रिल २०१९ मध्ये चर्च आणि कोलंबोची मोठी हॉटेलं उडाली तेव्हा सुट्टी आखणाऱ्या माणसाला आधी दिसावं असं काहीही नव्हतं. तेव्हा कसोटीने मालिका ओळखता येते, पहिला घाव नाही. पहिल्या घावापासून वाचायचं तर कुठेच जाता येणार नाही, आणि घरी बसूनही त्याची खात्री नाही.

दादाने इथे एक तोडगा काढला. "विमान नको, परदेश नको, गाडी काढू आणि लांबवर भटकून येऊ." त्याला मी गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं संशोधन सांगितलं. ११ सप्टेंबर २००१ नंतर बरेच अमेरिकन विमान टाळून लांबच्या प्रवासालाही गाडीने जाऊ लागले, आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्त माणसं दगावली. दादा म्हणाला, "मी काही तसा चालवत नाही." सगळेच असं म्हणतात.

सरकारी सूचनांच्या पानांवर मी बराच वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. अमेरिकेचं परराष्ट्र खातं देशांना धोक्याप्रमाणे चार पायऱ्यांत बसवतं. मी बघितलं तेव्हा इजिप्त आणि फ्रान्स दोघंही दुसऱ्या पायरीवर, दोन्हीकडे कारणांमध्ये दहशतवाद. हे दादाला दाखवलं तेव्हा त्याने पान खरं आहे का म्हणून पत्ता तपासला. ब्रिटनच्या पानांवर देशाचा नकाशा तुकड्यातुकड्याने रंगवलेला असतो, आणि तोच खरा कामाचा. लाल म्हणजे जाऊच नका. इजिप्तमध्ये उत्तर सिनाई पूर्ण लाल, लिबियाच्या सीमेलगतचा पट्टा लाल. कैरो, लक्सर, अस्वान मोकळे. "इजिप्तमध्ये हल्ला" अशी बातमी येते ती बऱ्याचदा त्या लाल तुकड्यातली असते, जिथे आम्ही चुकूनही जाणार नव्हतो.

पण या सूचनांवर डोळे मिटून विसंबू नये. बार्डोनंतरही ब्रिटनने ट्युनिशियाला जाऊ नका असं म्हटलं नव्हतं. सूस झाल्यावर, जुलैमध्ये म्हटलं, आणि पुढची दोन वर्षं उठवलं नाही. म्हणजे सूचना घटनेच्या मागून येते. तरीही ती महत्त्वाची, कारण पुष्कळ विमा कंपन्या पैसे द्यायचे की नाहीत हे सरकारी सूचना बघूनच ठरवतात.

विम्याची कलमं वाचणं हा या सगळ्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग. आम्ही बघितलेल्या पॉलिसीत हल्ल्यात जखमी झालो तर उपचारांचा खर्च होता; सहल रद्द करायची तर मात्र सरकारची मनाई हवी होती. मी फोन करून सरळ विचारलं, "शेजारच्या शहरात हल्ला झाला आणि आम्हाला जावंसं वाटलं नाही, तर?" पलीकडचा मुलगा फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, वाटण्यावर क्लेम होत नाही." पॉलिसी घेण्याआधी जाहीर झालेली घटनाही त्यात धरत नाहीत, म्हणून विमा तिकिटांबरोबरच घेतला आणि हॉटेलं अशी निवडली की शेवटच्या आठवड्यापर्यंत फुकट रद्द करता येतील. पैसे अडकले की माणूस धोका कमी लेखायला लागतो.

आणखी एक केलं. कशामुळे सहल रद्द करायची ते डोकं शांत असतानाच लिहून ठेवलं: नाईलकाठच्या शहरांत पर्यटकांवर हल्ला झाला तर, आमची शहरं लाल रंगात आली तर, विमान कंपन्यांनी उड्डाणं थांबवली तर. सिनाईत लष्कराच्या चौकीवर काही झालं तर नाही.

वहिनी एवढं सगळं ऐकूनही बधल्या नाहीत. "तुझं बरोबर असेल गं, पण माझं मन तिथे लागणार नाही. प्रत्येक गर्दीत मी मुलांचे हात धरून उभी राहीन." दादा त्यांना माझेच आकडे ऐकवायला लागला, तेव्हा मीच त्याला गप्प केलं. सुट्टी आनंदासाठी असते, आणि ती धास्तीत जाणार असेल तर वहिनींच्या बाजूने तो खरा तोटाच आहे. फक्त त्याला इजिप्तचा धोका म्हणू नये. ते चौघं इटलीला गेले. आई आमच्याबरोबर आली. तिचं म्हणणं, "मला तिथल्या देवळांच्या पायऱ्यांची भीती जास्त आहे."

एजंटने पाठवलेल्या कार्यक्रमात लक्सरची पहाटेची बलून सफर आधीच घातलेली होती, आणि इतके आठवडे सुरक्षिततेवर खल करणाऱ्या आमच्या घरात तिच्याबद्दल कुणीही चकार शब्द काढला नव्हता. फेब्रुवारी २०१३ मध्ये लक्सरवरच बलून पेटून कोसळला आणि १९ जण गेले. नवऱ्याने त्यानंतर कडक झालेल्या नियमांबद्दल वाचून दाखवलं, शांतपणे, मुद्देसूद. मी सरळ नाही म्हटलं. माझं मन तिथे लागणार नव्हतं! तो एकटा गेला.

एजंटला मी दोन गोष्टी विचारल्या होत्या. पोलीस बंदोबस्ताबद्दल त्याचं पानभर उत्तर त्याच संध्याकाळी आलं. गाडीच्या मागच्या सीटना पट्टे आहेत का, याचं उत्तर मात्र येईना. पुन्हा पुन्हा विचारल्यावर "बघतो" म्हणाला. शेवटी पट्टे असलेली गाडी मिळेपर्यंत पैसे भरले नाहीत, रात्रीचा रस्ता पूर्ण टाळला आणि लक्सर ते अस्वान रेल्वेने गेलो.