हिमनदी कुठंय?

"अहो, यात हिमनदी कुठंय? हा तर खडीचा ढीग!"

मी टाकलेल्या गोमुखच्या फोटोवरची ही कमेंट दिवसभर डोक्यातून जाईना. कारण निरीक्षण अगदी बरोबर आहे.

गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड, आणि ते दगडमातीखाली दडलेलं असतं. निळसर बर्फ दिसतो तो भागीरथी बाहेर पडते तिथल्या ताज्या तुटलेल्या कड्यात. मे महिन्यात हिवाळ्याचं हिम शिल्लक असतं. सगळं पांढरंशुभ्र, पण हिमनदीची खरी कड त्याखाली झाकलेली. सप्टेंबरअखेरीस ती उघडी पडते आणि पावसानंतर हवाही स्वच्छ असते.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर हिम राखाडी करून टाकतं, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ ते +१.५ ठेवायचं, हे सगळ्यांना पाठ. गोमुखला मात्र फ्रेममध्ये दगडच जास्त. तिथे तेवढं वाढवलं की मागची भागीरथी शिखरं जळालीच, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी! हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना ते बघा आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. (रात्री तंबूत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव.)

हिमनदी किती मागे सरली हे दाखवायचं, तर तोच दगड, तीच फोकल लेंग्थ (लेन्सचा झूम), दरवर्षी तोच आठवडा. फोटो दिसायला रटाळच येणार.

लाइक्स मात्र मेमधल्या पांढऱ्या फोटोलाच. तुम्ही कुठला टाकला असता?