खळीच्या पातेल्यापासून वॉलपेपरपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाचे मूळ वडिलांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील त्या दुकानात शाळांची रजिस्टरे आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधल्या जात. त्यासाठी मैद्याची खळ रोज शिजवली जाई आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद पडे. हिशेब संगणकावर गेले तसे हे काम आटत गेले. अशा वेळी राजारामपुरीतील एका रंगकामाच्या ठेकेदाराने ‘कागद चिकटवणारी माणसं तुमच्याकडंच हाईत की’ असे म्हणत वॉलपेपरचे पहिले काम आमच्या गळ्यात घातले.

त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. ओला कागद फुगतो, आणि तो धाग्याच्या, म्हणजे कागदातील तंतूंच्या, दिशेपेक्षा तिला आडवा अधिक फुगतो, हे बाइंडरच्या हाताला ठाऊक असते. कागदी पाठीच्या वॉलपेपरचेही तेच आहे. खळ लावून पट्टा लगेच भिंतीवर चढवला, तर तो भिंतीवरच फुगतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून खळ लागलेल्या बाजू एकमेकींवर येतील अशी घडी घालून तो पाच ते दहा मिनिटे मुरू द्यावा लागतो, आणि प्रत्येक पट्ट्याला सारखाच वेळ द्यावा लागतो. नाही तर शेजारच्या दोन पट्ट्यांची नक्षी जुळत नाही. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या, पाठीचा कागद ओलाव्याने फुगत नाही, त्यामुळे खळ थेट भिंतीला लावता येते. सध्या आमच्याकडे बहुतेक कामे याच कागदाची असतात.

उरलेले निम्मे, म्हणजे भिंत वाचण्याचे काम, आम्हाला कोल्हापूरच्या पावसाने शिकवले. पेठांतील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या आणि वर चुन्याचे थरावर थर. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते, आणि अशा भिंतीवर कागद चिकटला तरी चुन्याच्या पापुद्र्यासह सुटून येतो. तो चुना खरवडून, पुट्टी आणि प्रायमर झाल्याखेरीज आम्ही रोल उघडत नाही. उपनगरांतील बंगल्यांची अडचण निराळी. तेथे पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर पावसाचा मारा खात असते, आणि बाथरूमला लागून असलेली भिंत बारमाही ओली असते. पायाकडून ओल चढणाऱ्या भिंतीला तर लोणा लागतो आणि त्यातील क्षार पुट्टीलाच भिंतीपासून सोडवतात.

परीक्षा साधी आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवायचा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला दव जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या अंगाला जमले, तर ती खोलीतल्या हवेची आहे. ओलाव्याचे यंत्रही आता आमच्याकडे आहे, पण गिऱ्हाइकाला पटते ते प्लॅस्टिकवरचे पाणीच.

‘पेपरानं ओल झाकत नाही काय?’ हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. ओल काही दिवस झाकली जाते, हीच त्यातील अडचण आहे. वॉलपेपरवरचा व्हिनाइलचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा, थर पाण्याची वाफ बाहेर जाऊ देत नाही. ती मागे कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात जोडांवर काळी बुरशी दिसू लागते. त्यात आमची मागणी नेमकी गौरी-गणपतीच्या आधी वाढते, म्हणजे वर्षभर भिंती जितक्या ओल्या नसतात तितक्या त्या वेळी असतात. त्या दिवसांत बाहेरच्या भिंतीची कामे घ्यायची नाहीत, असा नियम आम्ही केला आणि आजवर पाळला. काही कामे त्यामुळे दुसरीकडे गेली, काही दिवाळीनंतर परत आली.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ओसरल्यावर पुराच्या रेषेचे डाग झाकून द्या, अशा विनवण्या कित्येक घरांतून आल्या. आम्ही त्यांना जुना कागद आणि सुटलेला गिलावा काढून, भिंती धुऊन, उन्हाळ्यापर्यंत उघड्या ठेवा, असेच सांगितले. धंद्यासाठी ते वर्ष कठीण गेले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले, तेव्हापासून पूररेषेतील घरांच्या तळमजल्यावर आम्ही वॉलपेपर सुचवतच नाही. रंग पुन्हा लावणे स्वस्त पडते.

दुकानाचा बराचसा वेळ हिशेब समजावण्यात जातो. आपल्याकडे सर्रास मिळणारा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. साडेदहा फूट उंच आणि १२ फूट रुंद भिंतीला सात पट्टे लागतात. साध्या कागदाच्या एका रोलमधून तीन पट्टे निघतात आणि तीन रोल पुरतात. कागदावरची नक्षी जर दर २५ इंचांनी फिरून येणारी असेल, तर जुळणीत कापाकापी होऊन एका रोलमधून दोनच पट्टे निघतात आणि रोल चार लागतात. चौरस फुटांचा भागाकार करून ऑनलाइन तीन रोल मागवलेले गिऱ्हाईक चौथ्यासाठी आमच्याकडे येते, तेव्हा त्याच बॅचचा रोल मिळत नाही आणि रंगातला फरक दिवसाउजेडी डोळ्यांत भरतो. म्हणून सगळ्या रोलांचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री केल्याशिवाय आमचा कारागीर कात्री लावत नाही.

लावताना पहिला पट्टा कोपऱ्याच्या आधाराने न लावता ओळंब्याच्या रेषेवर लावला जातो, कारण कोल्हापुरातच काय, कुठेही घराचा कोपरा क्वचितच सरळ असतो. जोड एकावर एक न चढवता कडेला कड भिडवून, छोट्या रोलरने हलकेच दाबले जातात. त्यानंतर एक-दोन दिवस पंखा आणि एसी बंद ठेवावा लागतो. कागद झपाट्याने वाळला, तर आकसून जोड उघडतात. उकाड्यात ही अट घरच्यांना जाचते, पण तिला पर्याय नाही.

काम संपताना आम्ही उरलेला तुकडा आणि थोडी खळ घरीच ठेवून येतो. व्हिनाइल कागद ओलसर स्पंजाने आणि सौम्य साबणाने टिपून पुसता येतो; साध्या कागदावर मात्र कोरडे मऊ फडके पुरे. हळदीचा डाग कागदात मुरला की निघत नाही, आणि समई-उदबत्तीची काजळीही तशीच, म्हणून देवघरामागे आम्ही लाकूड किंवा टाइल सुचवतो. गणपतीच्या आराशीसाठी कागदावर चिकटपट्टी लावू नये, मागे वेगळी चौकट उभी करावी. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे असावे, म्हणजे मागे हवा खेळते. सुटलेली कड दिसताच बारीक ब्रशने खळ भरून दाबली, तर ती बसते. धूळ शिरल्यावर बसत नाही. फुगा आल्यास इंजेक्शनच्या सुईने पातळ खळ आत सोडावी लागते, आणि ते काम आमच्याकडूनच करून घ्यावे. अशी बोलावणी दिवाळीच्या साफसफाईत एकदम येतात, आणि त्या पंधरवड्यात नवी मोजमापे घ्यायला दुकानात माणूस उरत नाही.