पैसा बाळगून असलेली माणसं

आपल्या ओळखीत एक तरी माणूस असा असतोच ज्याच्याबद्दल लोक आवाज जरा खाली आणून म्हणतात, "बाकी काही म्हण, माणूस पैसा बाळगून आहे हां." आणि गंमत म्हणजे हा माणूस बहुतेक वेळा मोठा बिझनेसवाला वगैरे नसतोच, साधी नोकरी, आपल्यासारखाच पगाराची वाट बघणारा, कपडे साधे, फोन जुना, आणि तरी कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली की सगळ्यांचे चेहरे पडतात आणि हा मात्र निवांत फाइल चाळत बसलेला असतो. मला या माणसांबद्दल भयंकर कुतूहल आहे. अब्जाधीशांबद्दल अजिबात नाही. पहाटे चारला उठा, बर्फाच्या पाण्यात बसा, आठवड्याला एक पुस्तक संपवा, असल्या व्हिडिओंनी बनवणारा सोडून दुसऱ्या कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. पण ज्याचा पगार माझ्याएवढा, घरात खाणारी तोंडं माझ्याएवढी, त्याच्याकडे उरतं आणि बाकीच्यांकडे वीस तारखेनंतर खडखडाट, हे कसं काय होतं बुवा?

पहिला अंदाज सगळ्यांचा एकच, चिक्कू असणार. कधीकधी ते खरंही असतं. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रोनाल्ड रीड म्हणून एक गृहस्थ होते, आधी कितीतरी वर्षं पेट्रोल पंपावर काम आणि मग एका मोठ्या दुकानात साफसफाई. २०१४ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी गेले आणि मग लोकांना कळलं की बाबा जवळपास ८० लाख डॉलर मागे ठेवून गेलेत, त्यातला मोठा वाटा गावातल्या हॉस्पिटलला आणि लायब्ररीला. कोट फाटका, तो सेफ्टी पिना लावून बंद केलेला, आणि पार्किंगचे पैसे वाचवायला गाडी लांब उभी करून चालत येणार. साहजिकच बातमी आल्यावर सगळ्यांनी त्या सेफ्टी पिनाच उचलून धरल्या. अरे पण सेफ्टी पिना लावून कोणी करोडपती होत असतं तर काय हवं होतं! पिनांनी वाचले ते किरकोळ. खरं काम झालं ते बँकेच्या लॉकरमध्ये, जिथे त्यांच्या शेअर सर्टिफिकेटांचा हा एवढा जाड गठ्ठा निघाला. धंदा कळतो अशाच कंपन्यांचे शेअर घ्यायचे, डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून देते तो वाटा) आला की त्याचेही शेअर घ्यायचे, आणि विकायचं नाही. जाताना त्यांच्याकडे ९५ च्या आसपास कंपन्यांचे शेअर होते. त्यात लेहमन ब्रदर्स ही मोठी अमेरिकन बँकही होती, जी २००८ मध्ये साफ बुडाली. म्हणजे त्यांची निवड अचूक होती अशातलाही भाग नाही, एक बुडाली तरी बाकीच्या उभ्या होत्या आणि माणूस घाबरून सगळं विकायला धावला नाही, इतकंच.

याच पठडीतली दुसरी गोष्ट ॲन शायबर बाईंची. अमेरिकेच्याच सरकारी टॅक्स खात्यात ऑडिटर होत्या, काम चांगलं असूनही कधी प्रमोशन मिळालं नाही, रिटायर झाल्यावर पन्नासेक वर्षं शेअर सांभाळत राहिल्या आणि १९९५ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या तेव्हा २ कोटी २० लाख डॉलर एका युनिव्हर्सिटीला देऊन गेल्या, ज्या युनिव्हर्सिटीत त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. मुलींच्या शिक्षणासाठी दिले, फार मोठं काम झालं, पण खरं सांगू का, ती गोष्ट वाचून मला हेवा वाटत नाही. एका लहानशा घरात, माणसांपासून तुटून, एकटीनं. पैसा वाढवता येणं आणि पैशाबरोबर नीट राहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला दुसऱ्या गोष्टीत जास्त इंटरेस्ट आहे.

आमच्या ऑफिसात एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. पगारवाढीचं पत्र हातात पडलं की बाकी सगळे एकमेकांच्या टेबलावर, तुला किती मला किती, साहेबाच्या नावानं बोटं मोडणं वगैरे. काका काय करतात, चष्मा कपाळावर चढवतात, फोन नाकाजवळ आणतात आणि एका बोटानं एकेक आकडा दाबत दर महिन्याला आपोआप कट होणारी बचतीची रक्कम वाढवून टाकतात. वाढ जेवढी मिळाली त्याच्या निम्मी. मग फोन उलटा ठेवतात, चष्मा खाली, आणि "हं, ते कालचं बिल कुठे आहे रे?" संपला विषय. पुढच्या वर्षीपर्यंत त्यावर चर्चा नाही, विचारही नाही. मी एकदा विचारलं, काका निदान एक महिना तरी वाढलेला पूर्ण पगार बघा की हातात घेऊन, तर म्हणाले, "एकदा बघितला की तो आपला वाटायला लागतो रे."

आता काकांनी हे कुठे वाचलेलं नाही, पण रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या दोघा अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच करून बघितलं होतं. १९९८ मध्ये एका कंपनीतल्या कामगारांना सांगितलं की बचत वाढवा. पुष्कळ जण म्हणाले, आत्ता जमणार नाही. मग त्यांनाच विचारलं की बरं, आत्ता नको, पुढच्या पगारवाढीपासून थोडी थोडी वाढवत नेली तर? ७८ टक्के लोक तयार झाले! आणि ४० महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. माणसं तीच, नोकरी तीच, मनावरचा ताबा वगैरे काही वाढलेला नाही. फक्त दर महिन्याला "या महिन्यात टाकू की नको" हा प्रश्न पडायचा बंद झाला. थेलरना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, काकांना अजून काही नाही.

मला वाटतं गोम इथेच आहे. आपण समजतो या माणसांचा मनावर जबरदस्त ताबा असेल, रोज मोह होतो आणि रोज ते दात ओठ खाऊन तो मोडून काढतात. छे! रोज भांडायला लागलं तर कोणीही हरेल, काकासुद्धा. त्यांनी भांडणच ठेवलेलं नसतं. एकदा बसून ठरवायचं, व्यवस्था लावून द्यायची आणि मग तो विषय डोक्यातून काढून टाकायचा. आपलं उलट, आपण दर महिन्याला नव्यानं संकल्प करतो, दर महिन्याला नव्यानं मोडतो आणि वर स्वतःला आळशी म्हणून घेतो.

खरेदीचंही तेच. काकांच्या डायरीचं शेवटचं पान आहे, त्यावर घ्यायच्या वस्तूंची नावं आणि समोर तारीख. काहीही मनात आलं की आधी तिथे लिहायचं, महिन्याभरानं बघायचं. त्या पानावर मी डोकावलोय, निम्म्याहून जास्त नावांवर पेन्सिलीची रेघ. काही तर स्वतःच लिहिलेली त्यांना आठवत नाहीत, "हे काय रे, मसाज गन? मी लिहिलं?" पण त्याच पानावर एक ओळ होती ती दोन वर्षं टिकली, कॅमेऱ्याची मोठी लेन्स, पक्ष्यांचे फोटो काढायला. ती त्यांनी घेतली आणि काय घेतली म्हणता, सगळ्यात भारीतली, नवी कोरी, घासाघीस नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका किंगफिशरचा फोटो सगळ्यांना जबरदस्तीनं दाखवला. चिक्कू माणूस असं करत नाही. ज्या गोष्टीत जीव आहे तिथे हात सैल आणि बाकी गोष्टींची ओढच नाही, हौसेला मोल नाही हे त्यांनाही मान्य आहे पण हौस नक्की आपली आहे ना, शेजारच्याची तर नाही, एवढं ते तपासून घेतात.

आणि यातूनच ती एक गोष्ट येते जी मला सगळ्यात अवघड वाटते. ग्रुपमध्ये काहीतरी महागडा प्लॅन ठरतो, सगळे हो हो करतात, अर्ध्या लोकांच्या पोटात गोळा आलेला असतो पण बोलणार कोण? काका शांतपणे म्हणतात, "माझ्या बजेटमध्ये नाही बसत, तुम्ही जाऊन या, फोटो दाखवा." आवाजात ओशाळलेपणा नाही, की आम्ही बुवा साधे लोक असा टेंभाही नाही. विशेष म्हणजे काका असं बोलले की मागून आणखी दोघातिघांना कंठ फुटतो. चार लोकांत आपण कमी दिसू ही भीती ज्याला नाही त्याचे किती पैसे वाचतात याचा कोणी हिशोब केलेला नाही, पण करायला पाहिजे.

आकडेमोड तशी फार लागत नाही. ७२ चा नियम माहीत असला तरी पुरे, व्याजाच्या दरानं ७२ ला भागा, पैसे दुप्पट व्हायला साधारण तेवढी वर्षं. ८ टक्के असेल तर ९ वर्षं. म्हणजे २७ वर्षांत आठपट आणि ३६ वर्षांत सोळापट. नीट बघितलं तर शेवटच्या ९ वर्षांत जेवढी भर पडते ती आधीच्या २७ वर्षांत मिळून पडलेल्या भरीपेक्षा जास्त, त्यामुळे रीडबाबांच्या श्रीमंतीत त्यांच्या हुशारीइतकाच त्यांच्या ९२ वर्षांचाही हात आहे. हाच नियम उलटाही चालतो बरं का. क्रेडिट कार्डाची बाकी महिना ३ टक्क्यांनी थकत राहिली तर २४ महिन्यांत दुप्पट, तिथे कोणाला ९ वर्षं थांबावं लागत नाही. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी, भरून हुश्श करणाऱ्यांना पैसा बाळगून असलेली माणसं मनातल्या मनात हात जोडत असावीत.

बाकी कंटाळा सहन करणं हाही एक मोठा गुण आहे. मधली वीस वर्षं काहीच घडत नसतं हो! मित्र नवीन काहीतरी घेऊन दोन महिन्यांत पैसे दुप्पट केल्याचं सांगत असतात (बुडाल्याचं कोणी सांगत नाही), आणि आपण बसलोय तेच जुनं कंटाळवाणं धरून. बाजार पडला की बातम्यांमध्ये लाल बाण, ॲपवर लाल आकडे. तोट्याचं दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय, त्यामुळे जो रोज ॲप उघडतो तो रोज थोडा थोडा दुःखी होणार आणि एक दिवस वैतागून विकणार. काका वर्षातून एकदा बघतात. मधे विचारलं तर म्हणतात, "असेल तिथेच, जातंय कुठे?"

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा लेखही त्या पहाटे चारच्या व्हिडिओसारखा व्हायचा. हे सगळं करायला आधी थोडा श्वास घेण्याइतकी जागा लागते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, ४६४ शेतकरी. त्याच माणसाला ऊस जाण्याआधी हात तंग असताना काही कोडी घातली आणि ऊस गेल्यावर पैसे आल्यावर पुन्हा घातली. तंगीत उत्तरं जास्त चुकली. माणूस तोच, अक्कल तीच, फक्त डोक्यात पैशाची चिंता घर करून बसलेली. म्हणून ज्याचं पोट हातावर आहे त्याला बचतीच्या सवयी शिकवायला जाणाऱ्यांचा मला राग येतो. आणि म्हणूनच आमच्या काकांचं पहिलं काम शेअर घेणं नव्हतंच, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात नेऊन ठेवणं हे होतं, त्याला त्यांना तब्बल चार वर्षं लागली म्हणतात. तो निवांतपणा आपण स्वभाव समजतो, तो बराचसा त्या खात्यातून येतो. शिवाय नशीबही आहे, घरात मोठं आजारपण आलं नाही, नोकरी टिकली. काकांनी जे केलं तेच करून मागे राहिलेले लोकही असणारच, त्यांच्यावर कोणी बातमी करत नाही.

मागे एकदा काही कामानं त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा काकूंनी कपाटातून एक फाइल काढली, विमा, खाती, नॉमिनी, कुठल्या कागदाची मुदत कधी, सगळं पहिल्या पानावर बारीक सुवाच्य अक्षरात. काका आत फोनवर होते. मी म्हटलं, काकू, काकांनी काय व्यवस्थित ठेवलंय हो सगळं. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "त्यांनी? अरे लग्न झालं तेव्हा त्यांच्या खिशात महिन्याच्या दहा तारखेला पैसे नसायचे. ते निम्म्या वाढीचं आणि डायरीच्या पानाचं मी ठरवून दिलंय, ते फक्त बटणं दाबतात." आणि मग आतल्या खोलीकडे बघत जरा मोठ्यानं, "ती लेन्ससुद्धा मीच सांगितली घ्या म्हणून, दोन वर्षं नुसते वेबसाइटवर बघत बसले होते!"