वजनकाटा मॅटवर ठेवू नका

गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत उद्घाटनाला शपथ होते, नारळ फुटतो आणि तासाभरात कुणीतरी ओरडतोच, "हा पोरगा पंचावन्नचा?" त्या भांडणाचं मूळ बहुधा सकाळच्या वजनकाट्यापाशी असतं.

इलेक्ट्रॉनिक काटा कडक, सपाट फरशीवरच हवा. मॅटवर किंवा भुसभुशीत मातीत त्याचे पाय रुततात, तळ टेकतो आणि वजन कमी भरतं. सुरुवातीला किराणा दुकानातून शिक्क्याची 10 किलोची 5 वजनं आणा. सगळी ठेवल्यावर 50 दिसलं पाहिजे. मग एकच वजन चारही कोपऱ्यांवर फिरवा. आकडा हलला तर काटा बदला. हे दोन संघनायकांसमोर करा आणि वीस-पंचवीस खेळाडूंनंतर पुन्हा करा.

55 किलो गटात खेळायला सत्तावन्नचा पोरगा आदल्या दिवसापासून पाणी सोडतो, पहाटे रेनकोट घालून पळतो आणि काट्यावर 54.9 भरतो. आदल्या संध्याकाळी वजनं उरकलीत तर जेवून-पिऊन, रात्रीत गमावलेलं बरंचसं परत मिळवून तो मैदानात उतरतो. म्हणून वजन सामन्याच्या दिवशीच, खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी. स्पर्धा दोन दिवसांची असेल तर दुसऱ्या सकाळीही. पाणी तोडून लगेच खेळलं की पायात गोळे येतात, हे पोरांना एकदा कळलं की रेनकोट आपोआप घरी राहतो. सवलत द्यायचीच तर ती परिपत्रकात छापा. काट्यापाशी "शंभर ग्रॅमचं काय एवढं?" ऐकून घेतलंत की पुढचा अर्धा किलो मागतो.

वयोगटात जन्मदाखल्यावरची नोंदणीची तारीख आधी वाचा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पोरगा आठवीत असताना झालेली नोंद दिसली तर पहिलीच्या प्रवेशाचा शाळेचा उतारा मागा. मात्र उशिरा नोंद म्हणजे लबाडीच, असं धरून चालू नका. वाडी-पाड्यावर घरी जन्मलेल्या कितीतरी मुलांची नोंद उशिराच झालेली असते.

सामन्याआधी नखं, कडी, गंडेदोरे पाहिले जातात. तेल मात्र सुटतं. दंडावर कुणी लावत नाही, लावतात ते घोट्यापाशी आणि गुडघ्याच्या मागे, जिथे पकड बसते तिथे. पांढरा रुमाल फिरवा, लगेच दिसतं.

फक्कीच्या रेषा पहिल्या डावातच पुसतात. समोर किमान 6 बचावपटू असताना चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत असेल तर बोनस गुण. पण रेषाच नसेल तर पंचांनी बघायचं काय? मध्यंतराच्या 5 मिनिटांत बोनस आणि राखीव क्षेत्राच्या (मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांच्या) रेषा आधी आखून घ्या.

पंचांचं मानधन पहिल्या सामन्याआधीच पाकिटात द्या. अंतिम सामन्यानंतर द्यायचं ठेवलंत तर यजमान संघाविरुद्ध दिलेला प्रत्येक गुण त्यांना जड जातो. यजमानच अंतिम फेरीत पोचले तर गुणलेखकही बाहेरगावचा बसवा आणि त्याच्या टेबलाभोवती दोरी बांधा, म्हणजे "जरा गुण बघू" म्हणत वहीवर वाकणारे चार कार्यकर्ते लांब राहतील.