अकरा अठ्ठेचाळीस

रविवार, रात्र

दादाचा गोळा पडला तिथवर टेपवर ११.४८ मीटर होतं. नीट सांगायचं तर अठ्ठेचाळीसच्या रेघेच्या किंचित पुढं, एकोणपन्नासच्या अलीकडं. मी ओरडलो, "अकरा पन्नास!" तिकडं बारक्यानं खिळा उपटला, दादानं नुसती मान हलवली आणि वहीत ११.५० चढलं.

एवढंच. त्यावर जेवण झालं, दुकानाचं कुलूप दोनदा ओढून बघून झालं, साडेअकरा वाजत आले, तरी ते दोन सेंटिमीटर काही खाली बसेनात.

नियम माहीत नाही असं नाही. गोळ्यानं पाडलेल्या खड्ड्याची रिंगकडची, म्हणजे फेकायच्या गोलाकडची, कड, तिथं टेपचं शून्य. टेप रिंगच्या मध्यातून ओढायचा आणि रिंगच्या आतल्या कडेवर वाचायचं. दोन रेघांच्या मध्ये आलं तर मागचा आकडा धरायचा, ११.४८९ आलं तरी ११.४८च. दादासारख्या बसून फेकणाऱ्याची खुर्ची रिंगमध्येच असते, म्हणून टेप तिच्या पायांमधून काढावा लागतो. एखाद्या पायाला घासून तो तिरका गेला की आकडा वाढीव येतो. ढिला राहिला, गवतावर उचलला गेला, तरी वाढीवच. टेपची बहुतेक चूक फेकणाऱ्याच्या फायद्याची असते, त्यामुळं वाचणारा माणूस खडूस लागतो. मला वाटायचं मी आहे.

दुकानात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडंतिकडं झालं तर मी वेल्डिंग कापून पुन्हा करतो. दोन सेंटिमीटर म्हणजे सव्वासहा सूत. हाही हिशेब करून बसलो, म्हणजे आज झोप नाहीच.

आधी वाटलं, दया आली. सकाळी दादानं कृत्रिम पाय काढून लाइनर, म्हणजे आतलं मऊ आवरण, उतरवला तेव्हा उरलेल्या पायाच्या टोकाला तांबडा डाग होता. दहा-पंधरा मिनिटांत गेला तर काळजी नाही. गेला नाही तर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वाटी, तिथं दाबतंय. दुपारपर्यंत पाय बारीक होतो, माणूस सॉकेटमध्ये खाली उतरतो आणि सगळा भार टोकावर येतो. वरून मोज्याचा एक थर वाढवला की पुन्हा वर येतो. दादा ते विसरतो, म्हणजे मुद्दाम विसरतो, कारण मैदानावर सगळ्यांसमोर पाय काढून मोजा चढवायचा नसतो. आज डाग अर्धा तास राहिला. वहिनीला सांगू नकोस म्हणाला. ते एक असोच.

पण मी काय आत्ता दया दाखवायला लागलोय? दया आली असती तर सहा गोळ्यांनंतर मी बास म्हणालो असतो. तेव्हा मीच म्हणालो, अजून सहा टाक.

आणि दयेचं दादाला किती वावडं आहे ते पेठ नाक्यावर बघावं. चहाला थांबलं की टपरीवाल्यासकट सगळे सुरू होतात, आपल्या पेठचे मुरलीकांत पेटकर बघा, पासष्टच्या लढाईत गोळ्या लागल्या, बहात्तरला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला जाऊन पोहण्यात सोनं आणलं, तुम्ही तर काय! दादा ऐकून घेतो. एकदा फक्त विचारलं, "टायमिंग किती होतं?" कुणाला सांगता येईना. "पन्नास मीटर, ३७.३३," दादा म्हणाला आणि बशीत चहा ओतला. त्याला गोष्टीतलं तेवढंच पाठ आहे, शंभराव्या भागासकट.

दुकानाच्या भिंतीवर त्यानं खडूनं १४.६५ लिहून ठेवलंय. होकातो सेमाचा पॅरिस पॅरालिम्पिकचा आकडा, ब्राँझचा, दादाच्याच गटातला, बसून फेकणाऱ्यांचा एफ ५७. तोही फौजीच. २००२ साली सुरुंगात डावा पाय गेला, गोळा हातात घेतला तेव्हा बत्तिशी गाठली होती आणि पदक चाळिशीत. त्याच्या शेजारी बारक्यानं १६.३२ लिहिलंय, करगणीच्या सचिन खिलारीचं रौप्य. तो गट निराळा, ते उभं राहून फेकतात, पण आपल्या जिल्ह्याचं म्हणून. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला तिथं सोनं मिळालं ते १६.३८ वर. सहा सेंटिमीटर. त्या भिंतीखाली बसून मी रोज पाइप कापतो.

तर दया नव्हे. मग वही उलटी चाळली.

मंगळवारी मी दांडा बदलला. खुर्चीला उभा दांडा असतो. दादा उजव्या हातानं फेकतो, डाव्या हातानं तो दांडा धरून अंग पुढं खेचतो. दांडा एकसंध आणि सरळ लागतो, कुठं वाक, मोड चालत नाही. जुना सव्वा इंची पाइप होता, भिंत पातळ. जोर लावला की वरचं टोक बोटभर कलायचं, म्हणजे गोळ्यात जायचं ते पाइपात जायचं. खाली बुशाच्या, म्हणजे दांडा बसतो त्या नळीच्या, वेल्डिंगला केसासारखी चीर पण पडली होती. तिथं रोज एकाच बाजूनं ताण येतो, नुसता गोल टाका मारून भागत नाही, दोन्ही अंगांना तिकोनी पट्ट्या द्याव्या लागतात. मी दीड इंची जाड पाइप घेतला, पट्ट्या दिल्या, दांडा दोन इंच पुढं सरकवला, घासून गुळगुळीत केला, रंग दिला. झकास दिसत होता. आल्यागेल्याला दाखवला.

वहीत मंगळवारच्या आधीचे आकडे असे: ११.२७, ११.३३, ११.४९, ११.१८. मंगळवारनंतरचे: ११.३०, ११.४०, ११.४५, आणि आजचं ११.५०.

गोळा एकदम पाचाच्या पाढ्यात पडायला लागला.

जुन्या दांड्यावरचं सगळ्यात लांब ११.४९. आज नव्यावर ११.४८. म्हणजे मी वाढवलं ते दादाला नाही वाढवलं. माझ्या दांड्याला वाढवलं. हे कळल्यावर चांगली लाज वाटली आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. दयेपेक्षा हे बरं. गिऱ्हाइकासमोर आपल्या कामाची बढाई मारणारा वेल्डर मला ओळखीचा आहे.

पण वाईट पुढं आहे. बुधवारीच दादा म्हणाला होता, "जाड वाटतोय रे." मी म्हटलं, होईल सवय. दीड इंचावर पकडीसाठी चिकटपट्टीचे दोन फेर आले की मूठ बंदच होत नाही. बोटं अंगठ्याला पोचत नाहीत, मग पकड टिकवायला मनगट आवळावं लागतं आणि खेच उशिरा येते. चौथ्या-पाचव्या गोळ्याला कोपरापर्यंत हात भरून येतो. आज पाचवा आणि सहावा दोन्ही अकराच्या आत होते, ते मी थकव्यावर ढकललं. वहीत ११.५० राहिलं असतं तर हाच दांडा स्पर्धेला गेला असता. वही म्हणते नवा दांडा चांगला, मग मुठीचं कोण ऐकणार?

खुर्चीच्या उंचीत मात्र मी कधी लबाडी केली नाही. गादीसकट ७५ सेंटिमीटर चालतं, आम्ही ७४ ठेवतो, पंचाच्या टेपला एक सोडलेला. तिथं माझा सगळा प्रामाणिकपणा संपला असणार.

आता रडगाणं. गाळप तोंडावर आलंय, दुकानासमोर ऊसाच्या तीन ट्रॉल्या उभ्या आहेत, एकीचा तर हूकच तुटलाय, मालक दिवसातून दोनदा फोन करतो आणि मी भल्या पहाटे मैदानावर खुर्ची बांधायला पहार ठोकतोय. आपली काळी माती, वरून कोरडी दिसली तरी वीतभर खाली लोणी. सरळ ठोकलेली पहार दहाव्या गोळ्याला डुलायला लागते. ती हवी खुर्चीपासून बाहेर कललेली, दोन फूट आत, आणि ट्रकवाल्यांचे रॅचेट बेल्ट चारही कोपऱ्यांना. त्यातला मागचा डावा सगळ्यात घट्ट, कारण फेकताना खुर्ची तिथूनच उठते. अर्धा इंच जरी उठली तरी गोळा फूटभर अलीकडं. मग मांडीचे पट्टे, ते ताणणारे चालत नाहीत. बूड सीटवरून सुटलं की फाऊल, म्हणून ते असे आवळायचे की दादाचा चेहरा बघायचा नाही. स्पर्धेत या सगळ्या बांधाबांधीलाही घड्याळ लावलेलं असतं. हे सगळं करणाऱ्याचं नाव कुठल्या पाटीवर लागत नाही. न लागू दे, पण एखाद्यानं विचारावं तरी, दांडा कुणी केला?

हे वरचं वाक्य पुन्हा वाचलं. सापडलं की चोर.

दादाला कळलंय. बेल्ट सोडताना खाली बघत म्हणाला, "टेप सरळ होता का रे?" मी म्हटलं, "व्हय." तो म्हणाला, "बरं." ज्या माणसाला ३७.३३ पाठ आहे तो असा 'बरं' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मला विचारू नये.

मगाशी वहीत ११.५० वर आडवी रेघ मारली, शेजारी ११.४८ लिहिलं. खोडरबर वापरलं नाही. त्याखाली "दांडा जाड, मूठ बसत नाही" असं लिहिलं, जे बुधवारच्या पानावर असायला हवं होतं. आधीचे तीन आकडे किती खरे ते आता गोळ्यालाच माहीत, त्यांच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं. पहाटे दादा वही उघडेल तेव्हा मी पहार ठोकत असेन, त्यामुळं तोंडाकडं बघायचा प्रसंग येणार नाही, असा अंदाज आहे.

दांडा उद्या दुपारी कापतो. सव्वा इंचीच, पण जाड भिंतीचा. ट्रॉलीच्या पाइपातला एक तुकडा कोपऱ्यात पडलाय तो पुरेल. पट्ट्या त्याच राहतील, बुश नवं लागेल. रंग देणार नाही.

आणि टेपचं शून्य यापुढं मी धरणार, लांब, खड्ड्याजवळ. आकडा बारक्या वाचेल. त्याचे शाळेत दशांश चालू आहेत, आणि परवा चहाच्या पैशातले दोन रुपये त्यानं माझ्याकडून मोजून परत घेतले.