तुम्ही विचारलंत म्हणून: आडनाव नको, गाव सांगा

मला महिन्यातून दोन-तीन जण तरी हमखास विचारतात, आमच्या घराण्याची माहिती काढायचीय, पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवाईतल्या जुन्या सरकारी कागदांत, आमचं आडनाव सापडेल का हो? प्रत्येकाला फोनवर तेच सांगतो, आज जरा सविस्तर लिहितो.

आधी आडनाव बाजूला ठेवा आणि मूळ गाव नक्की करा. जुने कागद माणसांच्या नावाने लावलेलेच नसतात, ते परगणा, तर्फ (हे जुने महसुली विभाग), गाव, मग साल असे लागलेले असतात. आणि आडनाव म्हणाल तर जुन्या कागदात कित्येकदा ते नसतंच, नुसतं 'रामजी बिन सूर्याजी', म्हणजे सूर्याजीचा मुलगा रामजी, एवढंच असतं, नाहीतर पाटील किंवा कुलकर्णी असा हुद्दा, आता त्या पाटलाचं आडनाव काय हे गाव माहीत असल्याशिवाय कसं कळणार?

दुसरं म्हणजे एकदम पेशवाईत उडी मारू नका. आजोबांपासून मागे चला. शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचे जुने फेरफार, आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14, जन्ममृत्यूच्या नोंदींचं. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून बऱ्याच जिल्ह्यांनी यातल्या नोंदी स्कॅन करून वेबसाइटवर टाकल्यात, त्या आधी बघा. नाही सापडलं तर अर्ज करून प्रत्यक्ष जा, एक दिवस जाईल असं धरून जा.

माझं स्वतःचं सांगतो. मी पणजोबांची मृत्यूची तारीख शोधायला गेलो होतो. 1918 चं कोतवाल बुक, पानांच्या कडा नुसता हात लावला तरी तुटत होत्या, सगळं मोडी लिपीत. ऑक्टोबर महिना आला आणि नोंदी संपेचनात. एरवी दोन महिन्यांना मिळून एक पान पुरायचं, इथे एकाच महिन्याला पानंच्या पानं, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ताप, ताप, ताप. इन्फ्लुएंझाची साथ शाळेत वाचली होती पण ती आमच्या गावात आमच्या वाड्यापर्यंत आली होती हे तेव्हा कळलं. त्यातच एका ओळीत पणजोबांचं नाव दिसलं, पण बाप म्हणून. वारलेली त्यांची मुलगी, बनी, वय वर्षं सात. म्हणजे आजोबांची सख्खी बहीण. आजोबा 90 वर्षं जगले, तिच्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, बाबांनाही माहीत नव्हतं. मी त्या पानावर बराच वेळ बसून होतो, पणजोबांची तारीख त्या दिवशी शोधलीच नाही.

हे वाचता आलं ते मोडी येत होती म्हणून. मोडी शिकाच, दोन-तीन महिन्यांत अक्षर लागायला लागतं. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हेच सुरुवातीला कळत नाही. रोज एक कागद वाचा, डोळा बसतो.

त्यानंतर पुण्याचं पुराभिलेखागार. कौन्सिल हॉलजवळची दगडी इमारत, तेच पेशवे दप्तर, चाळीस हजारांच्या जवळपास रुमाल. रुमाल म्हणजे खरंच कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. घराण्यात इनाम, म्हणजे सरकारने बहाल केलेली जमीन किंवा हक्क, असेल तर इनाम कमिशनचे कागद आधी मागा, कारण 1852 नंतर इंग्रजांनी इनामं तपासली तेव्हा हक्क सिद्ध करायला लोकांनी कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, दिली आणि सोबत वंशावळीही दिल्या, चार-चार पिढ्या आयत्या मिळतात. तारखांना घाबरू नका, साल अरबी शब्दांत लिहिलेलं सुहूर सन असतं. 'इहिदे सबैन मया व अलफ' असं दिसलं तर एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे 1171, त्यात 599 मिळवा, 1770 येतं. साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलायचं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला 600 मिळवायचे.

आणि एक जागा लोक विसरतातच, नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदवह्या ठेवणारे गुरुजी. तिथेही पहिला प्रश्न 'गाव कोणतं?' हाच. गुरुजींनी आमच्या गावाची वही काढली आणि त्यात पणजोबांची स्वतःच्या हातची मोडी सही, खाली भावांची, मुलांची नावं. मुलींची नावं नाहीत. बहुतेक घरांच्या नोंदीत मुलगेच आहेत.

वाचून झालं की गुरुजी वही पुढे करतात, तुमची नोंद करा म्हणतात. मी माझी केली, बायकोचं, दोन्ही मुलींचं नाव लिहिलं. मग विचारलं, जुन्या पिढीतलं एक नाव राहिलंय, लिहू का? ते म्हणाले, लिहा की. आजोबांच्या नावासमोर लिहिलं, भगिनी बनी, 1918.