लसीकरणाच्या वहीतली पुस्तकं

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली आणि आमच्या वाचनालयाचा तळमजला बुडाला. पुस्तकं भिजली की फुगतात हे ठाऊक होतं. पण फुगून कपाटात अशी आवळून बसतात की एकेक उपटायला पहार लागते, हे तेव्हा कळलं. लगद्याचे गोळे घमेल्यांनी बाहेर टाकले. त्यात दाखल नोंदवह्याही गेल्या. म्हणजे काय काय गेलं, तेही सांगता येईना.

दिवाळीनंतर एक फोन आला. ‘‘माझ्याकडे पुस्तकं आहेत, येऊन न्या. पण मोजून घ्यावी लागतील.’’ पुरानंतर देणग्या पुष्कळ आल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी गाइडं आणि जुनी क्रमिक पुस्तकं होती. त्यामुळे फारशी आशा न धरता आमच्या शिपायाला घेऊन टेम्पोनं गुहागर रस्त्याला लागलो.

कौलारू घर, पुढे पडवी. बाई ऐंशीच्या. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी झालेली, लग्न केलेलं नाही, घरात दुसरं कुणी नाही. गाव त्यांना अजून नर्सबाईच म्हणतं. मधल्या खोलीत चिऱ्यांवर फळ्या टाकून पुस्तकं लावली होती, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून, म्हणजे ओल लागू नये. फळीफळीवर वेखंडाच्या पुरचुंड्या. पावसाळ्यात दर रविवारी खोलीत कोळशाची शेगडी पेटवायच्या म्हणे. कोकणातला पाऊस काढलेली इतकी कोरडी पुस्तकं मी पाहिली नव्हती. आमच्याकडे पूर नसतानाही कसर लागायची.

मग त्यांनी वही काढली. लसीकरणाची सरकारी नोंदवही. ‘‘नमुना बदलला, जुन्या वह्या रद्द झाल्या. साहेबांना विचारून घेतलीय हो!’’ आधीच्या नोंदी चिठोऱ्यांवरून त्यात उतरवल्या होत्या. छापील रकाने तसेच ठेवले होते. ‘बालकाचे नाव’ खाली पुस्तक, ‘आईचे नाव’ खाली लेखक. जन्मदिनांक म्हणजे खरेदीची तारीख. ‘वजन’ खाली किंमत. पुढे ट्रिपलचे तीन डोस आणि बूस्टर, तिथे वाचून संपवल्याच्या तारखा. पहिली नोंद ऑगस्ट १९६३, पहिल्या पगाराची.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते ‘शेरा’ या रकान्यानं. ‘दुसऱ्यांदा आवडलं नाही.’ ‘शेवट घाईत.’ ‘मध्येच बाळंतपण आलं, परत पहिल्यापासून.’ एके ठिकाणी नुसतंच ‘नको होतं वाचायला.’

मोजणीला चार तास लागले. त्या नंबर वाचायच्या, मी पुस्तक शोधून टिक करायचो. मधूनमधून गोष्टी. आडगावात बदली असली की पुण्याहून व्ही.पी.नं, म्हणजे पैसे भरून पोस्टातून सोडवायच्या पार्सलनं, पुस्तकं मागवायच्या. पार्सल आलं तरी पगार होईपर्यंत पोस्टमास्तर थांबायचे. बदली झाली की संसार एका ट्रंकेत आणि पुस्तकं सहा पोत्यांत, एसटीच्या टपावर. जानेवारी २०१३च्या एका तारखेला सतरा नोंदी दिसल्या.

‘‘संमेलन ना? शहाऐंशीवं, आपल्या चिपळुणातलं?’’

‘‘तेच. तीन दिवस एसटीनं येऊन-जाऊन होते.’’

‘‘भाषणं कशी झाली?’’

‘‘कोण ऐकतंय! तेवढ्यात पुस्तकांचे मांडव बंद झाले असते.’’

मोतीबिंदू काढलेला, वाचता उत्तम येत होतं. मग देता कशाला, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘पेपरात वाचलं पुराचं. तुमची कपाटं मोकळी, माझी भरलेली. बरं दिसत नाही ते.’’

एकूण भरली ११२६. वही मात्र देईनात. झेरॉक्स काढून आणायला दिली, तीही शिपाई लगेच परत आणून देईल या बोलीवर. आमची नवी नोंदवही अजून कोरी होती, तेव्हा तिचे पहिले ११२६ दाखलांक, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला नोंदवहीत मिळणारे क्रमांक, बाईंच्याच क्रमानं लावायचं मी ठरवलं. वर्गीकरणात मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा एकच आकडा, पण दाखलांक ज्याचा त्याचा. शेऱ्यांची झेरॉक्स मी वेगळी ठेवली आहे. कार्यालयीन कारण काही नाही.

टेम्पो निघताना विचारलं त्यांनी, ‘‘वर्गणी किती तुमची?’’ मी म्हटलं, तुमच्याकडून कसली वर्गणी! त्यावर त्यांनी नुसतं पाहिलं. मी आकडा सांगितला.

नोंदी घालायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी सकाळी बाई काउंटरला हजर. अर्ज भरला, अनामत मोजून ठेवली. ‘‘तीनशे बारा द्या.’’

मी पुस्तक आणून दिलं. आमचा शिक्का त्यांनी बोटानं चाचपून पाहिला, वाळलाय की नाही ते. मग पिशवीतून वही काढून ३१२ समोर बूस्टरच्या रकान्यात पेन्सिलीनं बारीक फुली केली.

‘‘परत कधी आणू?’’

‘‘सावकाश आणा हो बाई, तुमचंच आहे.’’

‘‘नियम काय आहे?’’

‘‘पंधरा दिवस.’’

‘‘मग तारीख टाका.’’